पॅनलची नावं शेवटी ठरवा: ग्रामपंचायत निवडणुकीच्या तयारीवर प्रश्नोत्तरे

आरक्षणाची सोडत झाली की गावात पहिली चर्चा सुरू होते ती नावांची. या वेळी आलेल्या पत्रांतही बहुतेकांनी तेच विचारलंय: कुणाला उभं करू, मेळावा कुठे घेऊ, किती खर्च येईल. ग्रामसभा आणि महिला सभांच्या प्रशिक्षणाचं काम मी करते. त्या अनुभवावरून माझं मत ठाम आहे की नावं सगळ्यात शेवटी यायला हवीत. एकदा का उमेदवार ठरला, की त्याच्या माणसांचं ऐकणं थांबतं आणि सांगणं सुरू होतं.

प्रश्न: आमचं गाव अडीच हजार लोकवस्तीचं, नऊ सदस्यांचं. आम्ही वीस-पंचवीस तरुणांनी यंदा पॅनल उभं करायचं ठरवलंय. सप्ताहात काल्याच्या दिवशी सगळं गाव एकत्र येतं. त्याच मंडपात मेळावा घेऊन उमेदवार जाहीर करावेत का? – एक वाचक, बार्शी तालुका

नका करू. काल्याला जमलेलं गाव विठ्ठलासाठी जमलेलं असतं. तिथे पॅनलचा बॅनर लागला की सप्ताह कमिटीत दोन गट पडतात आणि पुढच्या वर्षी वर्गणी मागायला गेल्यावर दारातच उत्तर मिळतं. शिवाय देवळाचा, धार्मिक कार्यक्रमाचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेत बसत नाही. मंडप उभारायला मदत करा, वाढपी म्हणून पंगतीत राबा, पण राजकारण बाहेर ठेवा.

तुमचं खरं काम वस्त्यांवर आहे. मेळाव्याऐवजी प्रत्येक वस्तीत छोटी बैठक घ्या, पंधरा-वीस माणसांची. ती त्या वस्तीतच घ्यायची, पारावर बोलवायचं नाही. पारावर बोलावलं तर मातंग वस्तीतले लोक येतात, पण कडेला उभे राहतात आणि मान हलवून निघून जातात. पुरुषांना रात्री जेवणं आवरल्यावर वेळ असतो, बायकांना दुपारी. दोन्ही बैठका वेगळ्या घ्याव्या लागल्या तर घ्या. सगळ्यांनी सतरंजीवरच बसायचं. दोन खुर्च्या आणल्या की त्यांवर कोण बसणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि मग तेच बोलतात.

‘तुमच्या समस्या काय?’ असं विचारू नका. त्याला ‘रस्ता, गटार, पाणी’ असं पाठ झालेलं उत्तर येतं. असं विचारा: नळाला पाणी कितव्या दिवशी येतं? किती वेळ टिकतं? कुणाच्या नळाला चढतच नाही? पाणी सोडणारा शिपाई कोणत्या गल्लीचा वॉल आधी उघडतो? मग एखादी आजी सांगते, की आमचा वॉल सगळ्यात शेवटी उघडतात आणि तोवर लाइट जाते. हे तिच्याच शब्दांत वहीत लिहा आणि तिथेच मोठ्याने वाचून दाखवा. वाचून दाखवल्यावर लगेच दुसरी बाई दुरुस्ती करते, तिसरी भर घालते. अशा वेळी बैठक खरी सुरू झालेली असते. उठण्याआधी कोण काय चौकशी करून येणार आणि परत कधी बसायचं ते ठरवा. काहीच न शोधता दुसऱ्यांदा जाऊ नका, लोक ते विसरत नाहीत.

मग ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मिळवा. मंजूर कामं आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतो. एका बाजूला वहीतल्या तक्रारी आणि दुसऱ्या बाजूला आराखड्यातली कामं असा साधा तक्ता करा. जिथे जुळत नाही, ते प्रश्न ग्रामसभेत मांडा. ग्रामसभा वर्षाला किमान चार व्हायला हव्यात. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी पुरते. तुमच्या गावात १०० माणसं नेणं पंचवीस तरुणांना जड नाही. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते, आणि नको ते ठराव बऱ्याचदा तिथेच उरकले जातात. म्हणून तहकूब सभेला तर नक्की जा.

एवढं केलंत की कोण नुसतं बोलतं आणि कोण सांगितलेलं काम करून येतं हे गावाला दिसतं. नावं त्यांतून निवडा. अर्ज भरण्याआधी पात्रता मात्र काटेकोर तपासा: ग्रामपंचायतीची थकबाकी, घरी शौचालय, १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर जाते का, आणि सरकारी जागेवरचं अतिक्रमण. शेवटच्या मुद्द्यावर फार जण अडकतात. सासऱ्यांनी-नवऱ्याने केलेल्या अतिक्रमणात राहणारी सदस्यही अपात्र ठरते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

एक कार्यक्रम मात्र जरूर घ्या: मतदान कसं करायचं याची रंगीत तालीम. ग्रामपंचायतीला पक्षचिन्हं नसतात. एका प्रभागात दोन-तीन जागा असतात आणि २०२२ पासून सरपंचही पुन्हा थेट निवडून येतो. म्हणजे एकेका मतदाराला तीन किंवा चार मतं द्यायची असतात. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो आणि एकाच पॅनलच्या उमेदवारांची चिन्हंही वेगवेगळी असू शकतात. म्हाताऱ्या माणसांचा एक बटण दाबून झालं असा समज होतो आणि ती निघून यायला लागतात. पुठ्ठ्याचं यंत्र करा आणि त्यावर फूल, पान, चांदणी अशी कुणा उमेदवाराची नसलेली चित्रं चिकटवा. विरोधी पॅनलची माणसं आली तर त्यांनाही शिकवा.

प्रश्न: लग्न होऊन आलेल्या माझ्या दोन वहिन्यांची नावं गावच्या यादीत नाहीत. मी स्वतः पिंपरीत राहतो, माझं नाव दोन्हीकडे आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर ग्रामपंचायतीच्या यादीत दुरुस्ती होईल ना? – एक वाचक, मूळ गाव पाटण तालुका

नाही होणार, आणि दर निवडणुकीत असंख्य लोकांची इथेच फसगत होते. ग्रामपंचायतीसाठी वेगळी नावनोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत विभागतो. प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हा चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव किंवा लेखनिकाची चूक दुरुस्त होते. विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर ते इथे थेट घालता येत नाही.

म्हणून वहिन्यांचे अर्ज आजच भरा. त्यांचं नाव कुठेच नसेल तर नमुना ६, माहेरच्या यादीत असेल तर पत्ता बदलासाठी नमुना ८. गावच्या बीएलओंकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे) किंवा ऑनलाइन, दोन्हीकडे चालतं. नोंदणीसाठी आता वर्षाला चार अर्हता दिनांक, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाली का हे ज्या तारखेला बघतात ते दिवस, आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलंही राहू नयेत. यादी हातात घेऊन घरोघर फिरणं हे पॅनलच्या प्रचारापेक्षा मोठं काम आहे. फिरताना आपला-परका बघू नका.

तुमच्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते, दादा. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्याला धरून नाही. नेहमी राहता तिथलं ठेवा, दुसरं कमी करून घ्या. गावासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. पोर्टलवरचे खर्चाचे आकडे छापून गावी पाठवलेत तरी बैठकींना मोठा आधार होईल.

प्रश्न: प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव झाली आहे. मी बचत गटाची अध्यक्ष आहे. घरचे म्हणतात, अर्ज तू भर, बाकीचं आम्ही बघू. संक्रांतीला मोठं हळदीकुंकू ठेवून वाण म्हणून स्टीलचे डबे द्यायचं ठरतंय. मला उभं राहायचं आहे, पण असं नाही. काय करू? – एक ताई, केज तालुका

ताई, ‘पण असं नाही’ हे तुम्ही लिहिलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी सभेला नवरा बसतो आणि रजिस्टर सहीसाठी घरी येतं, हे अजून अनेक गावांत चालतं. ते निवडून आल्यावर थांबवता येत नाही, आधीच थांबवावं लागतं. घरच्यांसमोर आत्ताच बोला: सभेला मी जाणार, सही वाचून करणार, बँकेत मी जाणार. सासूबाईंना सोबत घ्या, त्यांचा शब्द घरात चालतो.

हळदीकुंकू करा, पण डबे नकोत. मतासाठी वस्तू देणं गुन्हा आहेच. त्याहून वाईट म्हणजे डबा घेतलेली बाई पुढची पाच वर्षं तुम्हाला प्रश्न विचारायला कचरते. तिळगूळ द्या, नेहमीसारखं साधं वाण द्या, तेही निवडणूक लागलेली नसेल तरच. निवडणूक लागली असेल तर शेजारणींच्या हळदीकुंकवाला नुसत्या जा. सगळ्या जातींच्या, आणि हो, विधवा बायकांनाही मानाने बोलवा. त्या आल्या की बोलण्याचे विषयच बदलतात. पेन्शन अडकलीय, वारस नोंद झालेली नाही, रेशनकार्ड वेगळं करून मिळत नाही.

बचत गट मात्र प्रचाराला जुंपू नका. गटात दुसऱ्या पॅनलच्या घरातल्या बायका आहेत आणि त्यांचा पैसा त्यात आहे. अध्यक्षपद निवडणुकीपुरतं दुसरीकडे द्या.

तुमचं व्यासपीठ महिला सभा आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी ती घ्यावी लागते, पण पुष्कळ ठिकाणी फक्त कागदावर होते. ती खरोखर भरवायला लावा. ही वाट नवीन नाही. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने पंचायती लढवायचं मनावर घेतलं. आरक्षणाची घटनादुरुस्ती व्हायच्या आधीच जळगावच्या विटनेर आणि यवतमाळच्या मेटीखेड्यात बायकांची संपूर्ण पॅनलं निवडून आली होती. त्या बायका शिबिरांतून, सभांतून आधी बोलत्या झाल्या होत्या. अर्ज त्यांनी नंतर भरले.

प्रश्न: गावातले जाणते लोक म्हणतात, निवडणूक बिनविरोध करू, जो मंदिराला जास्त देणगी देईल त्याला सरपंच करू. भांडणं टळतील, मंदिरही होईल. विरोध केला तर आम्हीच वाईट ठरू. – तिघे मित्र, सिन्नर तालुका

तुमच्याच जिल्ह्यात काय झालं ते जाणत्यांना आठवून द्या. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीआधी देवळा तालुक्यातल्या उमराणे इथे पदांसाठी बोली लागली, ती दोन कोटींच्या वर गेली. नंदुरबारच्या खोंडामळीतही बोली झाली. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. देवाच्या नावाने पद विकलं तरी ती विक्रीच. आणि ज्याने लाखो मोजले तो ते कुठून वसूल करणार?

बिनविरोधाला माझा सरसकट विरोध नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. पण तिथे सहमतीच्या आधी अभ्यासगट बसतात आणि विषय पुरता कळेपर्यंत चर्चा चालते. बायका, म्हातारे, तरुण सगळे बोलतात. चार जणांनी वाड्यात बसून ठरवलेल्या गोष्टीला सहमती कसं म्हणायचं? जाणत्यांना हात जोडून एवढंच विचारा: हे नाव वस्त्यांवरच्या बैठकीत आणि बायकांच्या बैठकीत ठेवायची तुमची तयारी आहे का? तयारी असेल तर तुम्हीही मागे उभे राहा. नसेल तर अर्ज भरा. निवडणूक लढवणं म्हणजे गावाशी वैर नव्हे.

प्रश्न: आमच्याकडे पैसा नाही. किमान किती खर्च येईल? हिशोब कुणाला द्यायचा? – एक वाचक, चिखली तालुका

वस्ती बैठकींना चहा आणि वहीपलीकडे खर्च नाही. खर्चाची मर्यादा सदस्यसंख्येवर ठरते. ती आणि हिशोबाचा नमुना अर्ज भरतानाच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. रोजचा खर्च त्याच रात्री लिहा, अगदी झेरॉक्सचे वीस रुपयेसुद्धा. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो. पडलेल्या आणि बिनविरोध आलेल्या उमेदवारालाही. वेळेत दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, आणि पडलेले उमेदवार नेमके इथेच बेफिकीर राहतात. तहसील कार्यालयात हिशोब दिल्यावर शिक्का मारलेली पोच घ्या आणि तिची झेरॉक्स वहीत चिकटवून ठेवा.