इंजिन बंद पडले, तर शेत कोणते?

प्रश्न : मुलगी इंदूरला सेस्ना १७२ वर विमान चालवायला शिकते आहे. एकुलते एक इंजिन हवेत बंद पडले तर विमान कोसळते का? सोयाबीनच्या शेतात उतरवता येईल का?
– एक पालक, इंदूर

उत्तर : कोसळत नाही, तरंगत खाली येते. वारा नसेल तर जमिनीपासून २००० फुटांवरून साधारण साडेपाच किलोमीटर जाते. मात्र वेग ६५ ते ६८ नॉट (ताशी सुमारे १२० ते १२६ किलोमीटर) राखला तरच. म्हणून आधी वेग, मग शेत, इंजिनाची खटपट त्यानंतर. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर आहे. आल्टिमीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे यंत्र, ३८५० दाखवतो तेव्हा हाताशी २००० फूटच असतात, हे नवशिके हमखास विसरतात.

उंची असेल तर इंधनाचा नॉब ‘दोन्ही टाक्या’वर, मिक्श्चर (इंधन-हवेचे मिश्रण) रिच, म्हणजे जास्त इंधनाचे, आणि मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रे) ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही चालू, आहेत का ते पाहावे. जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या (इंधन हवेत मिसळणारा भाग असलेल्या) विमानात कार्ब्युरेटर हीट, म्हणजे त्यात गरम हवा सोडणारा नॉब, लगेच ओढावी. दमट पावसाळी हवेत, बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही, कमी पॉवरवर आत बर्फ धरतो. तो वितळताना इंजिन आणखी खडखडते. घाबरून हीट बंद करू नये. ही ऊब एक्झॉस्टची असते, इंजिन थंडावले की तीही संपते. मग १२१.५ या आणीबाणीच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर ‘मेडे’, म्हणजे संकटाची हाक.

आता सोयाबीन. पावसाळ्यात माळव्याची काळी माती म्हणजे चिखलाचा सापळाच : पुढचे चाक रुतते आणि विमान उलटू शकते. गहू काढल्यानंतरचे कोरडे, धसकटांचे शेत बरे. नांगरटीच्या तासांना समांतर, शक्य तितके वाऱ्याकडे तोंड करून उतरावे. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधावेत. शेत नक्की झाले की इंधन व मॅग्नेटो बंद, दारे किंचित उघडी. फ्लॅप (उतरताना वेग कमी ठेवणाऱ्या पंखांमागच्या झडपा) विजेवर चालतात, म्हणून मास्टर स्विच, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, सर्वांत शेवटी बंद. टेकल्यावरही योक (विमानाचे स्टिअरिंग) पोटाशी ओढून धरावा, पुढच्या चाकावर भार येऊ देऊ नये.

प्रश्न : टेकऑफनंतर लगेच बंद पडले, तर मागे वळून धावपट्टी गाठावी का?

उत्तर : कमी उंचीवर नाही. नाक खाली, समोर किंवा थोडे डाव्या-उजव्या बाजूला जे मिळेल तिथे. ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढा वेग त्या वेळी नसतो.