दाब टिकला, म्हणजे विहीर सुरक्षित झाली का?

प्रश्न : माझा मुलगा मुंबई हाय तेलक्षेत्रात जॅक-अप रिगवर (समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या, विहीर खोदणाऱ्या मंचावर) असतो. ‘प्रेशर टेस्ट होल्ड झाली’ की तो निर्धास्त होतो. तिथे पाणी जेमतेम 75 मीटर खोल. दाब टिकल्यावर धोका उरतो तो कोणता? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : पाणी उथळ असले तरी विहीर उथळ नसते; समुद्रतळाखाली ती हजार मीटरहून अधिक खोल जाते आणि सामना असतो तो तिथल्या दाबाशी. चाचणीत पंपाने आतून दाब चढवतात, पंप थांबवतात आणि चार्टवरची रेघ आडवी राहते का, ते पाहतात. बीओपीची, म्हणजे विहिरीचे तोंड बंद करणाऱ्या झडपांच्या संचाची, चाचणी आधी साधारण 250 ते 350 पीएसआय (दाबाचे एकक) एवढ्या कमी दाबावर घेतात. याचे कारण आपल्या ओट्यावरच सापडेल : कुकरच्या झाकणाकडेने सुरुवातीला वाफ फुसफुसते आणि दाब वाढला की रबर घट्ट बसून ती थांबते. म्हणजे जास्त दाबाला टिकलेले सील कमी दाबाला गळू शकते.

मात्र आतून दिलेला दाब टिकला म्हणून खालून येणारा वायू अडेलच, असे नाही. त्यासाठी उलटी, म्हणजे निगेटिव्ह चाचणी घ्यावी लागते; जड मडच्या (विहिरीत भरलेल्या चिखलासारख्या द्रवाच्या) जागी हलके समुद्राचे पाणी भरून आतला भार मुद्दाम कमी करतात आणि विहिरीतून काही वर येते का, हे थांबून पाहतात.

ऑस्ट्रेलियाजवळच्या तिमोर समुद्रातील मोंटारा तेलक्षेत्रात पाणी सुमारे 77 मीटर, जवळजवळ मुंबई हायइतकेच. मार्च 2009 मध्ये तिथल्या एका विहिरीत केसिंगच्या (विहिरीतल्या पोलादी नळीच्या) तळाशी सिमेंट भरून दाब सोडला, तेव्हा 16.5 बॅरल, म्हणजे सुमारे 2,600 लिटर द्रव वर परतला. तळाच्या झडपा धरत नसल्याची ही खूण होती. तरीही तो द्रव पुन्हा आत ढकलला गेला, त्यामुळे तळाचे सिमेंट बिघडले, आणि ते नंतर तपासलेच गेले नाही. वर बसवायच्या दोन टोप्यांपैकी एक बसवलीच नव्हती; दुसरी ऑगस्टमध्ये काढली गेली. 21 ऑगस्टला विहीर उसळली. 69 जण सुखरूप सुटले, पण गळती थांबायला 74 दिवस लागले.

तेव्हा चिरंजीवांना एवढेच विचारा : दाब कोणत्या बाजूने दिला होता, आणि सोडल्यावर किती बॅरल परत आले?