विमानाचा चौथा हिस्सा आणि एक चुकीची टिक

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय ४६, राहायला पुण्यात, नोकरी चाकणला. हातात महिना १ लाख ८५ हजार येतात. घरखर्च ८० हजार, गृहकर्जाचा हप्ता ३९ हजार, कर्ज अजून ३८ लाख बाकी. पत्नी घर सांभाळते. वडील ७६ वर्षांचे, आमच्याकडेच असतात. मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत. लहानपणी हडपसरला ग्लायडर उडताना बघायचो, तेव्हापासूनचं वेड. दोन वर्षांपूर्वी शिकायला सुरुवात केली, आता परवानाही हातात आहे. क्लबचं विमान तासाला १२ हजारांनी मिळतं, गेल्या वर्षी ११ तास उडवलं. आता चौघे मित्र मिळून २०१३ सालचं दोन आसनी हलकं विमान ६४ लाखांना घेतोय, माझा वाटा १६ लाख. इंजिन रोटॅक्स ९१२, फक्त ६४० तास चाललेलं. विकणारे म्हणतात, तुम्ही उडवत नसाल तेव्हा भाड्याने लावा, वर्षाला १५ टक्के आरामात सुटतात. मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात २२ लाख आहेत, त्यातून १६ काढतो आणि भाड्यातून परत भरतो. विम्याची चिंता नाही. तीन पॉलिसींचे मिळून वर्षाला साडेतीन लाख भरतो, तक्ता सोबत जोडलाय. १४ महिन्यांपूर्वी १ कोटीचा टर्म प्लॅनही (फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा विमा) घेतला. त्याच्या फॉर्मवर विमान उडवता का असं विचारलं होतं, पण एजंट म्हणाला 'नाही'वर टिक करा, उगाच हप्ता वाढेल. शिवाय ५० लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे. विमान घ्यावं ना?"

घेऊ नका. का ते खाली आकड्यांत सांगतो. पण विमान आठ दिवस थांबू शकतं, ती टिक थांबू शकत नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

फॉर्म भरला तेव्हा तुम्ही विमान उडवत होतात. तुमचं लॉगबुक ते सांगतं: तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, तास, खाली प्रशिक्षकाची सही. विमानाचा अपघात झाला की सरकारी तपास होतो आणि अहवालात वैमानिकाचा अनुभव किती तासांचा होता हे छापलेलं असतं. म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत हे शोधायला विमा कंपनीला कुणाच्या मागे फिरावं लागणार नाही. कागद आयता हातात येईल.

विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं की पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला ती कुठल्याही कारणाने वादात ओढता येत नाही. तुमच्या एजंटने बहुधा याच भरवशावर सल्ला दिला असेल. पण तीन वर्षांच्या आत, महत्त्वाची माहिती दडवली म्हणून कंपनी दावा नाकारू शकते. तुमचे २२ महिने बाकी आहेत. मध्ये हप्ता चुकून पॉलिसी पुन्हा चालू करून घ्यावी लागली, तर तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजतात. आणि हे २२ महिने कुठले? परवाना नवा, तास कमी, हात अजून बसायचा आहे. वैमानिकाच्या आयुष्यातला जो काळ सगळ्यात जपून काढायचा, नेमका तोच तुम्ही विम्याशिवाय काढताय. "तोवर गप्प बसू" हा मार्ग मी कुणालाच सांगणार नाही.

अपघात विम्याची पुस्तिका काढा आणि अपवादांचं पान उघडा. बहुतेक वैयक्तिक अपघात पॉलिसींत हवाई प्रवासाचं संरक्षण फक्त प्रवासी म्हणून बसलेल्याला असतं. विमान स्वतः चालवणाऱ्याला ते नसतं. टर्म प्लॅनला जोडलेल्या अपघाती रायडरचंही, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेल्या जोड-विम्याचंही, सहसा तसंच. कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्या माझ्या एका अशीलाचा पाय दोन ठिकाणी मोडला, तेव्हा त्यांनी हे पान पहिल्यांदा वाचलं. ते निदान स्वतः वाचायला शिल्लक होते. आरोग्य विम्याची स्थिती थोडी बरी आहे. धाडसी खेळांचा जो प्रमाणित अपवाद तिथे असतो, तो व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. तरीही तुमच्या कंपनीकडून हे लेखी घ्या.

आता हिशोब. तुमच्या मनात १ कोटी टर्मचे, ५० लाख अपघाताचे आणि ४७ लाख जुन्या तीन पॉलिसींचे, असे मिळून जवळपास दोन कोटी आहेत. उद्या उडताना काही झालं, तर टर्म नाकारला जाण्याची दाट शक्यता, अपघाताचे शून्य. उरले ४७ लाख. बँकेचे ३८ गेले की ९. तुमचा घरखर्च महिना ८० हजार, म्हणजे वहिनींच्या हातात अकरा महिने. दोन मुलं, म्हातारे सासरे आणि अकरा महिने.

म्हणून या आठवड्यात हे करा. दुसऱ्या कंपनीकडे २ कोटींच्या टर्मसाठी प्रस्ताव टाका आणि प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर लिहा: परवाना कुठला, एकूण तास किती, वर्षाला किती उडवता, पुढे किती उडवणार. जुन्या पॉलिसींचा उल्लेखही त्यात करा. त्याच आठवड्यात जुन्या कंपनीला पत्र द्या की उत्तर चुकीचं गेलं होतं, ही खरी माहिती. पोच घ्या, ती घरच्या फाइलमध्ये ठेवा. कंपनी हप्ता वाढवेल, उडण्याचा धोका वगळेल किंवा पॉलिसीच रद्द करेल. तिन्हीपैकी काहीही झालं तरी ते आज, तुम्ही समोर असताना कळेल. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, साठीपर्यंत २ कोटींचा हप्ता ढोबळ ५० हजार धरा. उडण्यासाठी विम्याच्या दर हजार रुपयांमागे ३ रुपये जास्त लावले असं समजलं तर आणखी ६० हजार. एक लाख दहा हजार झाले. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत डाव्या, म्हणजे वैमानिकाच्या, सीटवर बसू नका.

एक लाख दहा हजार जास्त वाटले का? तुम्ही आज साडेतीन लाख भरून ४७ लाखांचं संरक्षण घेताय. मला राग येतो तो याचा. तीनही पॉलिसी तुम्हाला "बचत" म्हणून विकल्या गेल्या. पहिली एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी: हप्ता १ लाख २० हजार, २० वर्षं, शेवटी "अंदाजे ४२ लाख". ४२ हा आकडा मोठा दिसतो, पण हिशोब केला तर परतावा पाच टक्क्यांच्या आसपास बसतो. तेच पैसे पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी ठेवले असते तर ५३ लाख झाले असते, आणि पीपीएफ काही कुणी घरी येऊन पेढे देत विकत नाही. दीड लाखाच्या "गॅरंटीड इन्कम" प्लॅनची गोष्ट निराळी नाही. गॅरंटी खरी आहे, ती कमी परताव्याची आहे. ऐंशी हजारांच्या चाइल्ड युलिपमध्ये, म्हणजे मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाजाराशी जोडलेल्या पॉलिसीत, विमा किती, तर ८ लाख. आठ लाखांत मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आणि होस्टेल निघेल, फार तर दुसरं.

पण घाईने मोडू नका. तिन्ही कंपन्यांकडून आजची सरेंडर रक्कम (पॉलिसी मोडली तर हातात येणारी) आणि पेड-अप केल्यास (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास) मिळणारी रक्कम लेखी मागवा. एंडोमेंटला नऊ वर्षं झाली आहेत असं तुमच्या तक्त्यावरून दिसतं. ती पेड-अप करणं बहुधा बरं पडेल: पुढचे हप्ते बंद, विमा रक्कम त्या प्रमाणात कमी, आधी जमलेला बोनस शाबूत. युलिपला पाच वर्षं झाली असतील तर पैसे काढून मुलीच्याच फंडात टाका. यातलं काहीही नवा टर्म हातात पडण्याआधी करायचं नाही. सगळं नीट जुळलं तर वर्षाला दोन-सव्वादोन लाख मोकळे होतात.

आता विमान.

"फक्त ६४० तास" हे विकणाऱ्याचं वाक्य आहे. रोटॅक्स ९१२ ची ओव्हरहॉलपर्यंतची, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करण्यापर्यंतची, मुदत २००० तास किंवा १५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. २०१३ चं इंजिन २०२८ मध्ये वयात येतं, मग ते ६४० तास चाललेलं असो वा ७४०. पेट्रोल, तेल आणि पाण्याच्या रबरी नळ्या तर दर पाच वर्षांनी बदलाव्या लागतात. त्या शेवटच्या कधी बदलल्या ते नोंदवहीत बघा. इंजिनाचा खर्च आयात, कर, मजुरी धरून २० लाख समजू, तुमच्या वाट्याला ५. आणि २०२८ मध्येच तुमची मुलगी बारावी होते. ज्या वर्षी तिची फी भरायची, त्याच वर्षी विमान तुमच्याकडे ५ लाख मागणार, आणि तिच्या फंडात ६ उरलेले असणार.

भाड्याचे १५ टक्के. ६४ लाखांवर १५ टक्के म्हणजे साडेनऊ लाख. हँगर (विमान ठेवायची शेड) दीड लाख, विमानाचा विमा दोन, देखभाल आणि हवाईयोग्यतेची कागदपत्रं अडीच, असा वर्षाचा ठरलेला खर्च ६ लाख धरा. साडेपंधरा लाख आधी उभे राहायला हवेत. तासाला १२ हजार मिळाले, त्यातून पेट्रोल २ हजार, इंजिनासाठी बाजूला १ हजार, चालवणाऱ्याचे आणि जागेचे २ हजार वजा केले की ७ उरतात. म्हणजे सव्वादोनशे तास, तुमचे स्वतःचे तास सोडून. हे विमान १३ वर्षांत ६४० तास उडालंय, वर्षाला पन्नास. आधीच्या मालकाला सव्वादोनशे तासांची गिऱ्हाइकं सापडली असती तर त्याने विकलं असतं का? शिवाय खासगी परवान्यावर तुम्हाला मोबदला घेऊन कुणाला फिरवता येत नाही. भाड्याने चालवायला वेगळी मान्यता लागते, ती कुणाच्या नावावर आहे हे विकणाऱ्याला विचारा. माझा अंदाज, उत्तर लांबलचक येईल.

एक बाजू मात्र समजून घेतो. खासगी वापराच्या विमानांवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. नवीन आणायचं तर किंमत ऐकूनच माणूस बसतो, आणि त्यापुढे ६४ लाख स्वस्त वाटतात. विमान न परवडणं हा तुमचा दोष नाही. आपल्याकडे छंद म्हणून उडणाऱ्याला धावपट्ट्या कमी, क्लब कमी, मेकॅनिक त्याहून कमी. कांदिवलीच्या गच्चीवर स्वतः विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना त्याच्या नोंदणीसाठी किती वर्षं झगडावं लागलं, हे तुम्हा मंडळींना मी काय सांगणार. ते वेड मी कमी लेखत नाही.

तरी हिस्सा घेऊन तुम्हाला तास कितीला पडेल बघा. ठरलेल्या खर्चाचा तुमचा वाटा दीड लाख. १६ लाखांवर सात टक्क्यांनी बुडालेलं व्याज एक लाख दहा हजार. इंजिनाचे ५ लाख दहा वर्षांवर पसरले तरी ५० हजार. झाले तीन लाख दहा हजार, विमान जागचं हलायच्या आत. क्लबच्या भाड्यातून पेट्रोल वजा करता तासाला १० हजार वाचतात. म्हणजे वर्षाला ३१ तास उडालात तर कुठे बरोबरी. धावपट्टी घरापासून तीन तास. पावसाळ्याचे चार महिने ती चिखलात असते, तुम्हीच लिहिलंय. उरले ३४-३५ रविवार. त्यातली लग्नं, मुलांच्या परीक्षा, वडिलांचे दवाखाने, धुकं आणि बाकी तिघांच्या पाळ्या काढा. पंधरा तास भरले तर मी तुमचं कौतुक करेन. पंधरा तासांना हिस्सेदारीत तास सुमारे २३ हजारांना पडतो. क्लबचा १२.

जे. आर. डी. टाटा मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्येच उडायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. क्लबच्या विमानात कमीपणा नाही. नवा विमा झाला की मोकळ्या झालेल्या पैशांतून वर्षाला १२ ते १५ तासांचे दीड-पावणेदोन लाख उडण्यासाठी वेगळ्या खात्यात टाका आणि ते बिनधास्त खर्च करा. मी अडवणार नाही. मुलीच्या २२ लाखांना हात लावायचा नाही. उलट दोन वर्षांत लागणार आहेत, तेव्हा त्यातले पुढच्या फीपुरते पैसे आतापासूनच शेअर बाजारातून काढून ठेवीत हलवत चला.

मित्र विचारतील. त्यांनाही त्यांच्या टर्मच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते बघायला सांगा. चौघांपैकी तुम्ही एकटेच 'नाही'वर टिक करणारे असाल असं मला वाटत नाही.

आणि एक. तुमच्या पत्रात वहिनी "घर सांभाळते" या दोन शब्दांत आल्या आहेत. १६ लाख, ती टिक, तो अपघात विमा, यातलं त्यांना काय माहीत आहे ते कुठेच नाही. कंपनीला द्यायचं पत्र आधी त्यांना वाचायला द्या, आणि नॉमिनी म्हणून पॉलिसीवर त्यांचंच नाव आहे ना, तेही दोघांनी मिळून बघा.