‘स्टेज’साठी टप्पा, अवस्था की पायरी?

प्रौढांच्या मानसिक विकासाच्या सिद्धांतांत येणाऱ्या ‘स्टेज’ला मराठीत टप्पा म्हणावे, अवस्था की पायरी, असा प्रश्न आहे. हे शब्द आलटूनपालटून वापरले जातात, पण प्रत्येक शब्दात एक वेगळा दावा दडलेला असल्याने तसे करू नये असे मला वाटते.

‘अवस्था’ वयाबरोबर येते; बाल्यावस्था किंवा वृद्धावस्था कोणाला कमवावी लागत नाही. ‘टप्पा’ प्रवासातला आहे, त्यात क्रम येतो पण पुढचा टप्पा मागच्यापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन यांनी माणसाच्या आयुष्याच्या सांगितलेल्या आठ ‘स्टेजेस’ना, आणि ३५ ते ४५ वयाच्या अवघ्या ४० पुरुषांच्या मुलाखतींवरून मानसशास्त्रज्ञ लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या प्रौढ आयुष्याच्या कालखंडांनाही, मी टप्पेच म्हणेन.

‘पायरी’ मात्र फार जपून वापरावी. खालची चढल्यावाचून वरची येत नाही, आणि ‘पायरी सोडून बोलणे’ या प्रयोगात तर ती माणसाची योग्यताच ठरवते. असा क्रम पुराव्याने तपासला गेला तो मुख्यतः मानसशास्त्रज्ञ कोलबर्ग यांच्या, नैतिक विचार सहा पायऱ्यांनी वाढतो असे सांगणाऱ्या सिद्धांतात: ५८ अमेरिकी मुलग्यांना वीस वर्षे पुन्हा पुन्हा तेच पेचप्रसंग देऊन विचारले असता एकानेही पायरी गाळली नाही आणि खाली घसरण केवळ ४ टक्के वेळा आढळली, असे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे ‘पायरी’ शोभते, तरी सगळ्या जिन्याला नव्हे. सहावी पायरी या नोंदींत सापडलीच नाही, आणि २७ देशांतील ४५ अभ्यासांच्या १९८५ मधील आढाव्यात पाचवी पायरी ग्रामीण समाजांत जवळजवळ दिसली नाही. ज्या पायऱ्या काही समाजांतच दिसतात त्यांना सर्व मानवजातीच्या विकासाचा माथा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मानसशास्त्रज्ञ लोव्हिंगर यांच्या अहं-विकासाच्या, म्हणजे स्वतःकडे व जगाकडे पाहण्याच्या दृष्टीच्या वाढीच्या, चाचणीसाठी मी चौथा शब्द सुचवतो, ‘पातळी’. तीत ‘नियम म्हणजे…’ यासारखी ३६ अपुरी वाक्ये पुरी करायची असतात. एकाच माणसाची एक पूर्ती साधी, ठोकळेबाज असते, दुसरीत तो स्वतःच्याच मताला छेद देतो; गुण देताना या विखुरलेल्या उत्तरांतून एक अंक काढला जातो. म्हणून ‘तो पाचव्या पायरीवर आहे’ असे न लिहिता ‘त्याच्या उत्तरांची एकूण पातळी पाचवी आली’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण चाचणीने मोजले तेवढेच ते सांगते.