वाचकांचे प्रश्न : ब्लूग्रास आणि रेडिओवरची शनिवारची रात्र

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना नॅशव्हिल येथे ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम पाहिला. बँजो, मँडोलिन आणि फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवणारे ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शैलीतले कलावंत दोन-तीन गाणी सादर करून निघून जात होते, मधूनमधून निवेदक रंगमंचावरूनच जाहिराती वाचत होता आणि हे सारे त्याच क्षणी रेडिओवर जात होते. हवे ते गाणे हवे तेव्हा मोबाइलवर ऐकता येत असताना अशा कार्यक्रमाला लोक एवढी गर्दी का करतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण पाहिलेला कार्यक्रम २८ नोव्हेंबर १९२५ रोजी नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर सुरू झाला. केंद्र एका विमा कंपनीचे होते. पहिल्या रात्री जॉर्ज हे या निवेदकाने अंकल जिमी थॉम्पसन या ७७ वर्षांच्या फिडलवादकाला मायक्रोफोनसमोर बसवले आणि त्याचे वादन ऐकून श्रोत्यांच्या फर्माइशी येऊ लागल्या. १९३२ मध्ये केंद्राची क्षमता ५० हजार वॉट झाली. मध्यम लहरी रात्रीच्या वेळी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात, त्यामुळे शनिवारी रात्री टेनेसीच्या बाहेरही, कित्येक राज्यांतल्या शेतघरांत हे एकच केंद्र लावलेले असे.

ब्लूग्रास हे संगीत आधी घडले आणि मग रेडिओवर आले, अशी आपली समजूत असेल, तर ती बाजूला ठेवावी लागेल. केंटकीतील रोझिन या खेड्यात जन्मलेला मँडोलिनवादक बिल मन्रो १९३९ मध्ये ऑप्रीत दाखल झाला, तेव्हा या शैलीला स्वतंत्र नावही नव्हते. ‘ब्लू ग्रास बॉइज’ हे त्याच्या वाद्यवृंदाचे नाव पुढे संपूर्ण शैलीला मिळाले. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवादक त्या वृंदात आला. तीन बोटांनी वाजवलेल्या त्याच्या बँजोतून सुटे, टपोरे स्वर विलक्षण वेगाने आणि तरीही स्वच्छ बाहेर पडत, आणि ऑप्री तेव्हा जिथे होत असे त्या रायमन सभागृहातील प्रेक्षकांनी ते ऐकून अक्षरशः कल्लोळ केला. लेस्टर फ्लॅटची गिटार, चबी वाइजचे फिडल आणि हॉवर्ड वॉट्सचा बास यांच्यासह या पाच जणांनी ध्वनिमुद्रण केले ते मात्र सप्टेंबर १९४६ मध्ये, शिकागोत. म्हणजे पुढे ज्याला ब्लूग्रासचा अस्सल नमुना मानले गेले, तो आवाज तबकडीवर उमटण्याच्या कितीतरी महिने आधी लोकांनी शनिवारच्या थेट प्रक्षेपणातून ऐकलेला होता, आणि त्या प्रक्षेपणात सभागृहातील आरोळ्याही होत्या. माझ्या मते या संगीताच्या स्वभावावर त्या रंगमंचाचा ठसा कायमचा राहिला आहे. घड्याळ समोर आहे, वाट्याला मोजकी मिनिटे आहेत, पुढचा कलावंत पडद्याआड तयार उभा आहे. अशा वेळी लांबलचक आलापाला जागा नसते. सुरुवात पहिल्याच मात्रेपासून जोरकस हवी, प्रत्येक वाद्याने आपली छोटी फेरी चोख वाजवून पुढच्याला वाट द्यायला हवी आणि शेवट सर्वांनी एकदम गाठायला हवा. ब्लूग्रासमध्ये आजही नेमके हेच घडते.

पोटापाण्याचा भागही विसरता येत नाही. टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवर असलेल्या ब्रिस्टल शहरातील डब्ल्यूसीवायबी केंद्राने १९४६ च्या अखेरीस ‘फार्म अँड फन टाइम’ हा दुपारचा थेट कार्यक्रम सुरू केला आणि स्टॅन्ली बंधूंसारख्या कलावंतांना त्याने नाव मिळवून दिले. केंद्राकडून होणाऱ्या कमाईपेक्षा मायक्रोफोनवरून पुढचे कार्यक्रम कोणत्या गावी आणि कोणत्या शाळेच्या सभागृहात होणार हे सांगण्याची सोय अधिक मोलाची होती. प्रायोजकांचे नातेही असेच घट्ट असे. मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीने १९५३ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज यांना डब्ल्यूएसएमवरील पहाटे पावणेसहाचा कार्यक्रम दिला, त्यांना ऑप्रीत घ्यावे म्हणून आग्रह धरला, आणि १९५५ मध्ये ते घडलेही. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ही जोडी वाजवत असताना श्रोत्यांनी त्या पिठाच्या जाहिरातगीताची फर्माईश केली होती. आपल्याला जाहिराती मध्येच आल्यासारख्या वाटल्या असतील, पण जुन्या श्रोत्याच्या दृष्टीने त्या मैफलीचाच भाग आहेत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मोबाइलवरील गाणे शेकडो वेळा ऐकले तरी दर वेळी तसेच वाजते. थेट कार्यक्रमात मात्र फिडलवादकाने एखादी तान आज वेगळी घ्यावी की नाही, हे त्याच क्षणी ठरते, आणि ते ठरताना समोर बसलेला माणूस आणि दूर घरी बसलेला माणूस हे दोघेही साक्षीदार असतात. शिवाय विविध कलावंतांच्या अशा कार्यक्रमात श्रोत्याने न निवडलेलेही कानावर येते: आवडत्या गायिकेसाठी तिकीट काढलेला तरुण मधल्या दहा मिनिटांत बँजो ऐकतो आणि त्याच्या प्रेमात पडतो. आवडीनिवडी ओळखून गाणी पुढे करणारी यंत्रणा हे सहसा करत नाही, आणि मला ही उणीव फार मोठी वाटते. मार्च २०२० नंतर साथीच्या काळात रिकाम्या सभागृहासमोरही ऑप्रीने शनिवारचे प्रक्षेपण थांबवले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कार्यक्रमाला १०० वर्षे पूर्ण झाली.

प्रश्न : जुन्या चित्रफितींत ब्लूग्रासचे सर्व कलावंत एकाच मायक्रोफोनभोवती घोटाळताना दिसतात. ही केवळ जुन्या काळाची अडचण होती का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : सुरुवात अडचणीतूनच झाली, पण तिचे कौशल्य बनले. एकच मायक्रोफोन असेल, तर आवाजाचा तोल राखण्याचे काम तंत्रज्ञाकडे न राहता कलावंतांच्या पावलांकडे येते. ज्याची फेरी असेल तो पुढे सरकतो, त्याचे वादन संपत आले की तो बाजूला होतो आणि दुसरा त्याच क्षणी त्या जागी येतो. बँजोची लांब दांडी कोणाला लागू नये आणि बासवाल्याने मागेच उभे राहावे, हेही सर्वांना पक्के ठाऊक असते. त्रिसुरी गायनात तर तिघांची डोकी जवळजवळ एकमेकांना टेकतात, त्यामुळे ते परस्परांचे श्वास ऐकून स्वर जुळवतात. पुढे प्रत्येकासाठी स्वतंत्र मायक्रोफोन आले, तरी डेल मॅकोरी यांच्या वाद्यवृंदाने १९९० च्या दशकात जाणीवपूर्वक एका मायक्रोफोनची पद्धत पुन्हा स्वीकारली आणि अनेक तरुण वृंदांनी ती उचलली. कलावंत एकमेकांना ऐकत आहेत हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते, ही या पद्धतीची खरी गोडी आहे.

प्रश्न : हे संगीत केवळ गोऱ्या लोकांचे आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. बँजोचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील वाद्यांत आहे, आणि बिल मन्रो तरुणपणी ज्यांच्याकडून शिकला त्यांत आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय गिटार व फिडलवादक होता. ऑप्रीच्या पहिल्या पर्वातील अत्यंत लोकप्रिय कलावंतांपैकी एक, डेफर्ड बेली, हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता; धावत्या आगगाडीचा आवाज तो त्या छोट्या वाद्यातून हुबेहूब काढत असे. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढण्यात आले. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला तो २००५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आणि ऑप्रीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली ती २०२३ मध्ये. या कार्यक्रमावर प्रेम करणाऱ्याने हा भाग माहीत नसल्यासारखे वागू नये.

प्रश्न : भारतातून हा कार्यक्रम थेट ऐकता येईल का? (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : डब्ल्यूएसएम केंद्र इंटरनेटवरूनही ऐकता येते. नॅशव्हिलला शनिवारी संध्याकाळी सातला सुरू होणारा प्रयोग आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला ऐकू येतो. तेथे उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे केलेली असताना पहाटे साडेपाचला रेडिओ लावावा.