ॲल्युमिनियमच्या प्लॅटरवरची फेल्ट काढून रबराची मॅट घ्यावी की कॉर्कची? आणि रेकॉर्डवर वजन ठेवावं का?

तुमचा टर्नटेबल बेल्टवर चालतो, प्लॅटर (रेकॉर्ड फिरवणारी तबकडी) ओतीव ॲल्युमिनियमचा आहे आणि त्यावर अंथरायला सोबत आलेली मॅट फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या कापडाची आहे, एवढं तुम्ही लिहिलंय. निवडीला तेवढं पुरतं, कारण मॅट आधी प्लॅटरवरून ठरते.

मॅट बाजूला काढा आणि प्लॅटरच्या कडेवर टिचकी मारा. 'टण्ण' असा आवाज येऊन तो रेंगाळला, तर प्लॅटर वाजतोय. सुई खाचांतून जाताना रेकॉर्डला हादरे देते, ते खाली उतरतात आणि असा प्लॅटर ते परत वर पाठवतो. हलकी, भुसभुशीत फेल्ट त्याला दाबू शकत नाही. इथे ४-५ मिमीची जड रबरी मॅट किंवा ३ मिमीची कॉर्क-रबर मिश्रणाची मॅट हवी. तुमच्यासाठी मी कॉर्क-रबर सुचवेन: उंचीत फार फरक पडत नाही, रेकॉर्ड घसरत नाही आणि निव्वळ कॉर्कसारखे कण सुटून सुईला लागत नाहीत. प्लॅटर ॲक्रिलिकचा असता तर मॅट घेऊच नका म्हटलं असतं. त्याचा गुण रेकॉर्डच्या व्हिनाइलशी जवळचा असल्याने हादरे सहज त्यात उतरतात.

फेल्टचा दुसरा त्रास स्थिर विजेचा. कोरड्या हवेत रेकॉर्ड उचलली की मॅटही तिला चिकटून वर येते आणि मध्येच सुटून खाली पडते. आर्म (सुई धरणारा दांडा) जवळ असेल तर सुईच जायची. जेलसारख्या अतिमऊ मॅटपासूनही लांब राहा: खर्ज सैल होतो, आणि मऊ पीव्हीसी असेल तर त्यातलं तेल रेकॉर्डवर डाग पाडू शकतं. रेकॉर्ड रात्रभर मॅटवर ठेवू नका.

आता ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ती गोष्ट. एखादी एलपी सपाट काचेवर ठेवा आणि कडेच्या पातळीवरून, पलीकडे दिवा ठेवून बघा. बऱ्याच रेकॉर्डींमध्ये लेबलची जागा आणि बाहेरची कड जाड असते, मधला खाचांचा पट्टा पातळ, त्यामुळे त्या पट्ट्याखाली उजेडाची बारीक फट दिसते. पूर्ण सपाट मॅटवर हीच फट राहते, म्हणजे जिथे आधार हवा तिथेच रेकॉर्ड अधांतरी. म्हणून मॅटच्या मधोमध लेबलपेक्षा जरा मोठी, म्हणजे १०२-१०४ मिमी व्यासाची उथळ खोलगट जागा असावी आणि मॅटचा बाहेरचा व्यास २९० मिमीच्या आसपास असावा, म्हणजे जाड कड बाहेर लोंबेल. घरी कापणार असाल तर हीच मापं घ्या. स्पिंडलचं (प्लॅटरच्या मधल्या खुंटीचं) भोक ७.५ मिमी ठेवा.

मॅट बदलल्यावर लगेच ऐकायला बसू नका. २३० मिमी लांबीच्या आर्मला ४ मिमी उंची म्हणजे जवळपास १ अंश. ३ मिमीची फेल्ट काढून ५ मिमीचं रबर टाकलं तर सुईचा कोन अर्ध्या अंशाने बदलला. आर्मचा बुडखा तेवढाच, २ मिमी, वर घ्या. तशी सोय नसेल तर जुन्या मॅटच्याच जाडीची नवी निवडा. सुईचा भारही पुन्हा मोजा, आणि तो रेकॉर्डच्या उंचीवरच मोजा. हे न करता केलेली तुलना मॅटची नसते, कोनाची असते. मॅटबद्दलचे बरेच टोकाचे अनुभव याच चुकीतून येतात असं माझं ठाम मत आहे.

रेकॉर्ड मॅटवर दाबून बसावी म्हणून लेबलवर ठेवायच्या वजनाबाबत मी हात आखडता ठेवेन. स्प्रिंगवर तरंगणारी रचना असेल तर वजन नकोच. स्प्रिंग दबतात आणि प्लॅटर आर्मच्या तुलनेत खाली बसतो. स्प्रिंग नसल्या तरी प्लॅटरच्या साध्या बेअरिंगवर ३०० ग्रॅमच्या पुढे मी जाणार नाही, आणि आधी पुस्तिका बघा, काही उत्पादक सरळ मनाई करतात. वजन ठेवल्यावर स्ट्रोब तबकडीवर (वेग तपासायच्या रेघांच्या चकतीवर) मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग तपासा. वजनाचा व्यास ८० मिमीच्या आत हवा, नाहीतर शेवटच्या खाचांपाशी कार्ट्रिज (सुई बसवलेला आर्मच्या टोकाचा भाग) त्याला धडकू शकतं.

आणखी एक घोळ: खोलगट मॅटवर जड वजन ठेवलं की लेबल खाली दबतं आणि बाहेरची कड उचलली जाते. म्हणून मॅट आणि वजन वेगवेगळं निवडू नका.

स्पिंडलला पकडणारा हलका, स्क्रूचा क्लॅम्प मला जास्त पटतो. बेअरिंगवर ओझं येत नाही आणि वाटीसारखी वाकलेली, कडा वर आलेली रेकॉर्ड त्याने सपाट बसवता येते. लेबलखाली स्पिंडलभोवती १ मिमी जाडीचा, साधारण २० मिमी रुंदीचा वॉशर ठेवा. मॅट मध्ये खोलगट असेल तर त्या खोलीएवढी वॉशरची जाडी वाढवा. क्लॅम्प लेबलची बाहेरची बाजू खाली दाबतो, मध्य वॉशरवर टेकलेला राहतो आणि कडा खाली येतात. हलकेच आवळा. उलट्या बाजूला तीच रेकॉर्ड घुमटासारखी दिसेल, तेव्हा वॉशर काढायचा. मॅट घेण्याआधी स्पिंडल वर किती उरेल तेही मोजा. रेकॉर्ड ठेवल्यावर ८-१० मिमी तरी उरावा, नाहीतर पकड बसत नाही.

फरक तपासायचा असेल तर मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा, आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि सुईपासून लांब, प्लॅटरच्या कडेवर पेन्सिलीच्या रबराने हलकेच टकटक करा. स्पीकरमधून आखूड, कोरडा 'ठप' आला तर मॅट काम करतेय. मागे शेपूट रेंगाळलं तर नाही. जुनी मॅट, नवी मॅट, क्लॅम्पसह आणि क्लॅम्पशिवाय, अशा चारही जोड्या त्याच जागी टकटक करून ऐका.