स्प्रिंगच्या गणितात उणे चिन्ह कुठे?

सूत्र लिहायची घाई करू नकोस. आधी आकृती काढ, स्प्रिंग मोकळी असताना तिचं टोक जिथे असतं तिथे शून्य मांड आणि ताणण्याची दिशा धन धरून तिचा बाण दाखव. निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

स्प्रिंगच्या बलाचं सूत्र F = −kx: x म्हणजे विस्थापन, टोक शून्यापासून किती सरकलं ते, आणि k म्हणजे स्प्रिंगचा स्थिरांक, तिचा कडकपणा. यातलं उणे म्हणजे ‘बल नेहमी ऋण’ असं नव्हे. बल विस्थापनाच्या उलट दिशेला आहे, एवढंच ते सांगतं. स्प्रिंग दाबली की विस्थापन ऋण, म्हणून बल धन.

स्प्रिंगमध्ये साठलेल्या ऊर्जेत (½kx²) विस्थापनाचा वर्ग येतो, त्यामुळे ताणा किंवा दाबा, ती ऋण होत नाही. तिथे उगाच उणे चिकटवू नकोस!

सगळ्यात जास्त मार्क जातात ते इथे. स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर आहे आणि ताण ०.१ वरून ०.२ मीटर केला. बरेच जण फरकाचा, म्हणजे ०.१ चा वर्ग करून १ ज्यूल लिहितात. ऊर्जा १ वरून ४ ज्यूल झाली, म्हणजे वाढ ३ ज्यूल. या वेळी स्प्रिंगने केलेलं कार्य उणे ३, आणि सावकाश ओढणाऱ्या हाताने केलेलं अधिक ३. म्हणून ‘कार्य कोणी केलं?’ हे आधी विचार.

आणखी दोन नेहमीच्या चुका:
- सेंटिमीटरचे मीटर न करणे.
- शेवटचं बल गुणिले अंतर करणे. बल वाढत जातं, म्हणून ऊर्जेच्या सूत्रात तो ‘अर्धा’ येतो.

टांगलेली स्प्रिंग सध्या बाजूला ठेव. आडवी पक्की झाली की तिच्याकडे वळू.